एक जास्त

१० सप्टेंबर

पोचले एकदाची! बसने फाट्यावर उतरवलं तेव्हा माझ्याकडे एक ट्रंक, एक पाठपिशवी आणि बाबांनी खास शिवून दिलेलं दुर्बिणीचं कापडी घर एवढं सामान होतं. तिथून वर केंद्रापर्यंत पाऊण तासाची चढण. ट्रंक अर्ध्या वाटेत माझ्यापेक्षा जड झाली. पण वर आले आणि सगळा शीण उतरला. कड्याच्या टोकाला लाकडी मनोरा, त्याच्या पायथ्याशी तीन खोल्या आणि स्वयंपाकघर. उत्तरेकडे नुसतं मोकळं: दरी, नदीची पांढरी रेघ, पलीकडे एकामागे एक डोंगर. थंडी पडायच्या आत शिकारी पक्षी दक्षिणेला जातात ते या खिंडीवरून. दोन महिने त्यांना मोजायचं, हे माझं काम. या कामासाठी नेमतात यावर आईचा अजून विश्वास नाही. पाखरं मोजायला पंधरा वर्षं शिकावं लागतं होय, असं तिने चारदा विचारलं. बाबांनी मात्र माझी पदवी फ्रेम करून दुकानात शिलाई मशीनच्या वर लावली आहे आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात टेप टाकून ते त्याला ती वाचायला लावतात. बिचारा हलणार कुठे?

इथे आम्ही चारच माणसं. केंद्रप्रमुख सर, कमी बोलणारे, इस्त्रीचा शर्ट घालून डोंगरावर राहणारे. घारूताई, बारा वर्षं इथे मोजणी करतात; डोळे घारे म्हणून हे नाव पडलं, खरं नाव आता मलाच आठवत नाही असं म्हणून खळखळून हसल्या. आणि स्वयंपाकाच्या मावशी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, ही तर वाऱ्याने उडून जाईल, हिला आधी दोन घास जास्त वाढा.

मुलाखतीची गोष्ट लिहायची राहिली. सरांनी आकाशातल्या पक्ष्यांचा एक फोटो पुढे ठेवून मोजायला सांगितले होते. मी दोनशे चौदा म्हटलं. त्यांच्याकडे उत्तर होतं दोनशे तेरा. मी हट्टाने पुन्हा मोजले. पुन्हा दोनशे चौदा. वाटलं, गेली नोकरी. सरांनी शेजारी बसलेल्या घारूताईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली आणि माझी निवड झाली. खरं बोलण्याला अजून किंमत आहे जगात.

१३ सप्टेंबर

कामाची रीत आता अंगवळणी पडते आहे. मनोरा आणि समोरच्या कड्यावरचं एकटं झाड यांच्यामधून मनातल्या मनात एक रेघ ओढायची. पक्षी ती ओलांडेल तेव्हाच मोजायचा. ऊन तापलं की पक्षी वर चढणाऱ्या गरम हवेत गोलगोल फिरत राहतात. इथे त्याला भोवरा म्हणतात. भोवरा कधीच मोजायचा नाही, डोकं फिरतं. उंची गाठून ते एकामागे एक सुटतात, तेव्हा हातातला मोजणीचा क्लिकर दाबायचा. काल अकरा ते एकच्या दरम्यान चारशेवर मधुबाज गेले. मला ओरडावंसं वाटलं, पण सर खाली होते.

घारूताई आणि मी वेगवेगळ्या मोजतो आणि संध्याकाळी तक्ते जुळवतो. तक्त्यात वेळ, जात, संख्या, अंतर, दिशा आणि पाहणाऱ्याची सही. रेघ न ओलांडता उत्तरेलाच थांबून राहिलेला पक्षीही शेवटच्या ओळीत लिहायचा, अशी इथली एक रीत आहे. मी कुठल्याच पुस्तकात ती वाचलेली नाही. पण घारूताई म्हणाल्या, पुस्तकं खाली, डोंगर वर.

आज जुळवताना फरक आला. त्यांचे शहाऐंशी, माझे सत्त्याऐंशी. माझा जास्तीचा म्हणजे उत्तरेला फार लांब स्थिर दिसलेला एक मोठा पक्षी. जात अनोळखी, अंतर सुमारे चार हजार मीटर. मी तो खोडायला निघाले, तर घारूताईंनी माझा हात धरला. तू पाहिलास ना? मग लिही आणि सही कर. माझे डोळे म्हातारे झाले, पोरी.

किती मोठं मन!

१७ सप्टेंबर

गुरुवार. आठवड्यातून एकदाच बस येते. फोनला रेंजही फाट्यावरच मिळते, म्हणून घारूताईंबरोबर सामान आणायला खाली गेले आणि घरी बोलले. बाबांनी विचारलं, किती झाले? मी म्हटलं, हजारावर. त्यांनी ते तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला सांगितलं. धाकटी बहीण मागून ओरडत होती की मलाही बोलाव, मलाही दाखव.

चढताना घारूताईंनी विचारलं, नजर इतकी तेज कशी? मी सांगितलं: बाबा शिंपी, त्यांना जवळचं दिसत नाही, म्हणून लहानपणापासून सुया ओवायचं काम आम्हा बहिणींचं. माझ्यापेक्षा धाकटी तरबेज. ती चालत्या बसमध्येसुद्धा सुई ओवते. त्या खूप हसल्या. कधी निरोप द्यायचा झाला तर असू दे, म्हणून त्यांनी घरचा नंबरही लिहून घेतला. मला मोठी बहीण नाही. असती तर अशीच हवी होती.

आज एकशे चाळीस विरुद्ध एकशे एक्केचाळीस. तोच तो. अंतर ३७००.

२१ सप्टेंबर

तो रोज असतो. सकाळी धुकं उठलं की तिथे, तिन्हीसांजेला आम्ही उतरतो तेव्हाही तिथे. पंख हलवत नाही, घिरट्या घालत नाही. आज दुर्बीण तिकाटण्यावर बांधून नीट पाहिलं. मोठ्या गरुडांच्या पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली असतात आणि ती मोजून जात ओळखता येते. सहा किंवा सात असतात. याची पाच. चार सारखी आणि पाचवं आखूड, बाकीच्यांपासून फटकून.

मी रकान्यात खरं ते लिहिलं. अंतर ३३००. दिशेच्या रकान्यात काय लिहायचं कळेना, कारण तो दक्षिणेला जात नाही. शेवटी लिहिलं: इकडे.

२६ सप्टेंबर

सरांनी खोलीत बोलावलं. म्हणाले, बारा वर्षांत इतकी प्रामाणिक मोजणी पाहिली नाही. वार्षिक अहवालावर माझं नाव येईल आणि हंगाम संपल्यावर कायम नेमणुकीसाठी ते शब्द टाकतील. मी धावतच मावशींना सांगायला गेले. त्या बटाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत तुला, जपून बस. मग स्वतःशीच म्हणाल्या की गेल्या वर्षीची पोरगीही अशीच हुशार होती, न सांगता गेली आणि चष्मा मात्र मनोऱ्यावर विसरली. जाड भिंगांचा. त्याच्याशिवाय तिला पायरी दिसत नसे.

मग ती डोंगर कशी उतरली, असं मी विचारलं. मावशींनी पुढचा बटाटा घेतला.

अंतर २८००.

२९ सप्टेंबर

आज मी तो लिहिला नाही.

भिंगावर डाग असेल, म्हणून दुर्बीण बदलली. घारूताईंची घेतली, तिच्यातही दिसला. डोळे धुतले. मग वाटलं की दोन आठवडे एकच पक्षी एका जागी राहणं शक्य नाही. माझ्या डोळ्यांतच दोष असेल आणि मी तक्ते नासवते आहे. शेवटची ओळ कोरी ठेवली. जुळवताना आकडे कितीतरी दिवसांनी सारखे आले. मला वाटलं, घारूताईंना बरं वाटेल. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तीनदा विचारलं, नक्की नाही दिसला? का नाही लिहिलास? लिहायला नको होतं का, असं मी विचारल्यावर उठून गेल्या.

तो होता. २५००.

३० सप्टेंबर

१२००. एका दिवसात निम्म्याहून जवळ.

आज लिहिला. सही केली.

आता डोकं दिसतं. शिकारी पक्षी उडताना खाली बघतात, जमिनीवर. हा खाली बघत नाही.

४ ऑक्टोबर

सर खाली गेले होते. अहवालासाठी जुने तक्ते हवेत म्हणून मावशींकडून कपाटाची किल्ली घेतली. चोरून नव्हे, काम माझंच आहे.

दर वर्षीचा एक गठ्ठा. दर वर्षी एक नवी सही. त्या सहीच्या तक्त्यात रोज शेवटच्या ओळीत एक पक्षी जास्त, जात अनोळखी, दिशा इकडे. अंतर चार हजारांपासून खाली येत जातं. गेल्या वर्षीच्या मुलीचं शेवटचं: ९०, ४०, १५. मग ती सही नाही. त्यानंतरच्या दिवसांत जास्तीचा पक्षीही नाही. आणि प्रत्येक तक्त्यावर शेजारी घारूताईंच्या टपोऱ्या अक्षरात तोच शेरा: माझ्या मोजणीत नाही.

अकरा वर्षं. अकरा सह्या.

सगळ्यात जुना गठ्ठा तळाशी होता. त्यात जास्तीचा पक्षी लिहिणारी सही घारूताईंची आहे. ३०००, २२००, ९००, २००. दोनशेवर ती थांबते. दुसऱ्या दिवसापासून तो पक्षी दुसऱ्याच कुणाच्या तरी सहीने लिहिलेला आहे.

आज १०००.

५ ऑक्टोबर

घारूताईंना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. त्या उन्हात बसून स्वेटर विणत होत्या आणि सांगताना एकही टाका चुकला नाही.

म्हणाल्या, तो सगळ्यांना दिसत नाही. सरांना नाही, मावशींना नाही. लाखात एखादीची नजर तशी असते. मुलाखतीतला फोटो त्यासाठीच. जिने त्याला शेवटचं मोजलं आणि खाली सही केली, तिच्याकडे तो येतो. दुसऱ्या कुणी मोजलं की तिच्याकडे वळतो. लिहीत राहिलं तर हळू येतो, लिहायचं टाळलं तर झेप घेतो. आणि नवीन कुणी मिळालं नाही, तर पुढच्या हंगामात जुन्या माणसाकडे परत येतो. जुनं माणूस म्हणजे मी, असं त्या म्हणाल्या. पहिल्या दोघींच्या वेळी रडले गं. मग डोळे आटले.

मी म्हटलं, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?

त्या म्हणाल्या, काहीच नाही. तू फार गुणी आहेस, म्हणून तर जिवाला लागतंय.

माझा हात धरून लिहायला लावलं होतं. पाहिलास ना, मग लिही. तो हात मला मोठ्या बहिणीचा वाटला होता! लोक म्हणतात, केसाने गळा कापला. मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे.

६ ऑक्टोबर

सरांकडे गेले. वाटलं, ते तरी— त्यांनी ऐकून घेतलं, पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, बारा वर्षांची सलग मोजणी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. घारूताई गेल्या तर ती तुटेल. शास्त्रासाठी माणसाला काही सोसावं लागतं. तुझ्यासारख्या मुलीला हे समजावून सांगायची गरज नाही.

तुझ्यासारख्या मुलीला.

घरातली पहिली शिकलेली. पाहिलं ते लिहिणारी. त्यांनी नजरेबरोबर हेही तपासून घेतलं होतं.

८ ऑक्टोबर

गुरुवार. ट्रंक टाकून पळाले. बसमध्ये बसलेसुद्धा, खिडकीशी. काचेतून वर पाहिलं. फाट्याच्या बरोबर वर होता. माझ्यामागे आला होता.

मग सुचलं. मी घरी जाणार. तो दुकानावर येणार. आणि धाकटी दारात येऊन वर बघणार. तिला दिसणार. ती काही बघितलं की मोजते, कागदावर टिपून ठेवते, माझंच पाहून शिकली.

उतरले. ड्रायव्हर म्हणाला, ताई, एकदा काय ते ठरवा.

घारूताई पायवाटेवर उभ्या होत्या. परत का आलीस, असं त्यांनी विचारलं. मी सांगून टाकलं. धाकटीचं सगळं. दुसरं होतं कोण सांगायला? त्यांनी मला जवळ घेतलं. मीही, इतकं सगळं होऊनही, मान टाकली त्यांच्या खांद्यावर. लाज वाटते.

७००.

११ ऑक्टोबर

४५०. लिहिला. सही.

त्याला चोच नाही. जिथे चोच असायला हवी तिथे सपाट आहे.

आज एकवीस ससाणे गेले. सुंदर. त्याच्या खालून गेले, एकाने वळूनही पाहिलं नाही. पक्ष्यांनाही तो दिसत नाही बहुतेक.

आईला पत्र लिहिलं. दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा फक्त लिहिलं, तब्येत चांगली आहे.

१४ ऑक्टोबर

२००.

घारूताई आज माझ्याशी फार गोड वागल्या. केस विंचरून दिले. म्हणाल्या, तुला काही होणार नाही, मी आहे ना. वेड लागलंय का त्यांना? की मला?

मी ठरवलं आहे. शेवटपर्यंत लिहायचं. नंतर कुणी कपाट उघडलं तर त्याला सगळं खरं सापडलं पाहिजे. रोजनिशी मनोऱ्यावरच ठेवणार.

भीती वाटते. खूप वाटते.

१५ ऑक्टोबर

सकाळी ८.१०. १५० मीटर. लिहिला.

९.०५. ३००. चूक असेल. पुन्हा पाहिलं. ३००.

९.१५. ६००! तो वळला. पहिल्यांदा पंख हलवला आणि वळला. पाठ दिसली त्याची. जातोय! मी मनोऱ्यावर बसून रडले, हसले, काय काय केलं. एवढ्या दिवसांनी जिवात जीव आला. खाली मावशींना हाक मारली, मावशी, गेला, गेला!

मावशी पदराने तोंड पुसत राहिल्या. घारूताई कुठे आहेत म्हटलं, तर म्हणाल्या, उजाडताच खाली गेली. बसने कुणी पाहुणी यायचीय. कोरे तक्ते घेऊन गेली, सरांनी काढून दिले. चांगली दुर्बीणही नेली.

माझ्या उशीवर चिठ्ठी होती. पोरी, रागावू नको. अकरा जणींसाठी मी काही केलं नाही, तुझ्यासाठी केलं. तू राहा इथे. माझ्यानंतर हे केंद्र तूच सांभाळायचंस. तिला मीच फोन केला होता. फार आनंदाने येते म्हणाली.

आज गुरुवार. बस नऊला येते.

९.४०. धावत जाऊन उपयोग नाही, पाऊण तासाची वाट. परत मनोऱ्यावर आले. तो फाट्याच्या वर आहे. दुर्बिणीतून रस्ता दिसतो, फाट्यावरचा कट्टा दिसतो. पिवळा फ्रॉक. तिच्या गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद. घारूताई मागे उभ्या, हात तिच्या खांद्यावर. ती वर बघते आणि लिहिते. किती मन लावून लिहिते.

शेवटचं मोजेल तिच्याकडे येतो. मग मोजते मी. तक्ते खोलीत कुलपात आहेत. इथेच लिहिते, इथेच सही करते.

९.४३. अनोळखी. एक. अंतर २२००. दिशा— स्थिर. सही.

वळला.

९.४५. एक. १९००. इकडे. सही.

९.४६. पुन्हा तिकडे फिरला. तिने परत लिहिलं. घारूताई तिला परत परत लिहायला लावतायत.

९.४७. एक. २०००. इकडे. सही.

ओरडले. आवाज पोचत नाही. वाऱ्याने उलटा येतो. धाकटे, खाली बघ. एकदा फक्त खाली बघ गं.

९.४८. तिकडे.

९.४८. एक. २१००. इकडे. सही.

आरसा नाही, काही नाही. शर्ट काढून हलवला. मावशी खालून विचारतायत काय झालं. मावशी पळा, फाट्यावर पळा, तिच्या हातातलं पेन काढून घ्या. निघाल्या. गुडघे दुखतात म्हणायच्या, धावतायत.

९.५५. एक. १६००. इकडे. सही.

१०.०२. एक. १७००. इकडे. सही. खेळवतोय तो. दोघींच्या मधे खेळवतोय. त्याला कळतं.

१०.१०. तिने पान उलटलं. माझ्यापेक्षा भरभर लिहिते. शिकवलं कुणी? मीच.

१०.१६. एक. १४००. इकडे. सही.

१०.२४. मावशी पोचल्या. उताराने उतरल्या, देव जाणे कशा. घारूताईंशी झटापट. पाटी खाली पडली. कागद उडाले रस्त्यावर. धाकटी ते गोळा करायला धावते. खाली बघतेय. खाली बघतेय!

१०.२५. एक. ९००. इकडे. सही.

१०.२६. एक. ५००. इकडे. सही.

सरांचा आवाज जिन्यावर. थांब म्हणतायत. हंगाम अजून—

कडी लावली.

१०.२७. एक. २००. सही. पाचही बोटं मिटून उघडतोय.

धाकटी उभी राहिली. कागद सापडला तिला. पेन शोधते. वर बघू नको. लाडके, माझे बाई, आता नको मोजूस, एवढं एकदाच माझं ऐक, आता

१०.२७. एक. ६०. इक